जास्त दारू, जास्त छरे म्हणजे बंदूक जास्त भारी? मग ऑलिम्पिकवाले फक्त 24 ग्रॅमवर का थांबतात?

17 ऑगस्ट 2004. अथेन्स ऑलिम्पिक. डबल ट्रॅप नेमबाजीचा निकाल लागला तेव्हा पहिल्या तिघांचे गुण होते 189, 179 आणि 178.

189 वाले यूएईचे शेख अहमद अल मकतूम सुवर्ण घेऊन गेले. 178 वाले चीनचे वांग झेंग कांस्यपदकावर थांबले. मधले 179 होते आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांचे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिम्पिक रौप्यपदक. रौप्य आणि कांस्य यात फरक होता फक्त एका बशीचा.

वीस वर्षांनी पॅरिसमध्ये नेमकं उलटं झालं. 2024 च्या स्कीट मिश्र स्पर्धेत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका कांस्यपदकासाठी खेळत होते. समोर पुन्हा चीन. निकाल लागला 44-43. आपल्याकडे 43. इथेही फरक एकाच बशीचा.

आता साधा प्रश्न पडतो. एका बशीवर सगळं ठरत असेल, तर काडतुसात थोडी जास्त दारू आणि पन्नासेक छरे जास्त भरले तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी काडतुसात काय असतं ते बघावं लागेल.

शॉटगन आणि रायफल, फरक काय?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते 50 मीटर रायफल प्रकारात. तिथे लक्ष्य जागचं हलत नाही आणि नळीतून एका वेळी एकच गोळी जाते. म्हणून सगळा खेळ अचूकतेचा.

शॉटगनचं तसं नाही. तिचं लक्ष्य हवेत उडत असतं. 110 मिलिमीटर रुंदीची, 105 ग्रॅम वजनाची एक बशी. नाव 'क्ले', म्हणजे मातीची, पण प्रत्यक्षात ती बनते डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यापासून. यंत्रातून सुटताना तिचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास असतो. अशा बशीला एका गोळीनं टिपणं जवळपास अशक्य. म्हणून शॉटगन एका गोळीऐवजी शेकडो बारीक छऱ्यांचा थवा सोडते.

आपल्याकडे जिला 'बारा बोरची बंदूक' म्हणतात ती हीच. या 12 आकड्यामागे एक जुनं माप आहे. नळीच्या तोंडात बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घ्यायचा. असे 12 गोळे मिळून एक पौंड भरत असतील, तर ती 12 बोर. नळीचा व्यास येतो साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच 20 बोरची नळी 12 बोरपेक्षा लहान असते. आकडा वाढला की नळी बारीक होते.

काडतूस उघडलं तर काय दिसतं?

ज्यांनी गावाकडे ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. त्या बंदुकीत तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजानं ठासायचा, मग छरे, मग पुन्हा एक बोळा. मागे टोपी लावली की बार तयार. दारू किती आणि छरे किती हे ठरायचं भरणाऱ्याच्या हातावर. दारू कमी पडली किंवा ओली झाली की बार फुसका. जास्त झाली की खांदा सुजणार, आणि नशीब वाईट असेल तर नळी फुटणार. 'फुसका बार' हा शब्द आपण आज नेत्यांच्या भाषणांना लावतो, पण तो आलाय तो असाच.

आजचं काडतूस म्हणजे हीच रचना कारखान्यात मोजूनमापून एका नळकांड्यात बसवलेली. तळाशी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी. त्यावर दारू. त्यावर बोळ्याऐवजी प्लॅस्टिकची वाटी, तिला वॅड म्हणतात. वाटीत छरे. वरून नळकांड्याचं तोंड दुमडून बंद.

पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात 'शक्तिमान' नावाची 12 बोरची काडतुसं बनतात, त्यांची रचनाही हीच.

दारूचं प्रमाण ऐकून आश्चर्य वाटेल. 24 ग्रॅम छरे ढकलायला साधारण दीड ग्रॅम दारू पुरते. ती चहाच्या चमच्यातही पूर्ण भरत नाही. पण चाप ओढल्यावर ती जळून तिचा वायू होतो आणि तो वायू छऱ्यांना सेकंदाला 400 मीटरच्या वेगानं बाहेर फेकतो.

फक्त दारू वाढवली तर?

पहिला विचार असाच येतो की दारू वाढली म्हणजे वेग वाढला, म्हणजे मारा वाढला. निम्मं बरोबर आहे. वेग वाढतो. पण त्यासोबत तीन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे दाब. 12 बोरच्या सर्वसाधारण काडतुसासाठी युरोपात ठरलेली कमाल मर्यादा आहे 740 बार. तुमच्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे तिच्या तीनशे पटींहून जास्त दाब नळीच्या मागच्या भागात क्षणभर तयार होतो. शॉटगनची नळी रायफलच्या तुलनेत पातळ असते, ती मोठ्या दाबासाठी बनवलेलीच नसते. आणि दारू वाढवली की दाब त्याच प्रमाणात वाढत नाही, तो त्याहून झपाट्यानं चढतो. कारण दाब वाढला की दारू जळतेही जास्त वेगानं.

दुसरी गोष्ट छऱ्यांची. शिसं हा मऊ धातू. मागून जोराचा धक्का बसला की खालचे छरे वरच्या छऱ्यांच्या वजनाखाली चेपतात. गोल छरा हवेतून सरळ जातो, चेपलेला छरा भरकटतो. त्यामुळे फार जोरात सोडलेला थवा विस्कटतो, मध्ये भोकं पडतात, आणि बशी त्या भोकातून आरामात निघून जाते. हे टाळायला शिशात अँटिमनी मिसळून छरे कडक करतात आणि प्लॅस्टिकची वाटी त्यांना नळीला घासण्यापासून वाचवते. तरी चेपणं पूर्ण थांबत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. बारीक गोल छरा हवेत फार लवकर मंदावतो. सेकंदाला साधारण 366 मीटर वेगानं निघालेला अडीच मिलिमीटरच्या आतला छरा 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर पोचेपर्यंत जवळपास निम्म्या वेगावर येतो. आणि जो जास्त वेगानं निघतो त्याला हवा जास्त अडवते. त्यामुळे दारू वाढवून नळीच्या तोंडाशी 30 मीटरचा जादा वेग मिळवला, तरी बशीपर्यंत त्यातला जेमतेम एक तृतीयांश उरतो. बाकीचा हवा खाते.

म्हणजे दाबाची जोखीम पूर्ण, खांद्याला मार पूर्ण, आणि फायदा एक तृतीयांश.

मग छरेच वाढवू

इथे मात्र खरा फायदा आहे. एक छोटा हिशोब करून बघू.

स्पर्धेतला एक छरा 2.4 मिलिमीटरचा धरला तर 24 ग्रॅममध्ये साधारण 295 छरे बसतात. 28 ग्रॅममध्ये सुमारे 345. आणि 32 ग्रॅममध्ये 395 च्या आसपास.

शॉटगनचा थवा मोजायची जुनी पद्धत अशी की, 40 यार्डांवर 30 इंच व्यासाच्या वर्तुळात किती छरे पडले ते मोजायचे. नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. घट्ट चोक असेल तर साधारण 70 टक्के छरे त्या वर्तुळात पडतात.

म्हणजे 24 ग्रॅममधले सुमारे 206. बशीचं पूर्ण तोंड या वर्तुळाच्या साधारण 48 व्या भागाएवढं. छरे सगळीकडे सारखे पसरले असं धरलं, तर बशीच्या वाट्याला येतात चार-सव्वाचार छरे. 28 ग्रॅमचं काडतूस असेल तर पाच. 32 ग्रॅम असेल तर पावणेसहा.

पण बशी पूर्ण तोंड दाखवत कधी उडते? ती बहुतेक वेळा आडवी, कडेनं दिसते. कड जेमतेम 25 मिलिमीटरची. तेव्हा तोच हिशोब सव्वा छऱ्यावर येतो. थव्याच्या मध्यभागी छरे दाट असतात, म्हणून चांगला नेमबाज बशी मधोमध पकडतो आणि ती फुटते. थोडी बाजूला पकडली तर छरे तिच्या आजूबाजूनं निघून जातात.

छरे जास्त असतील तर चुकीला थोडी जास्त माफी मिळते, हे खरं. आणि नेमकं याच कारणासाठी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघानं ते कमी केले. एकेकाळी 32 ग्रॅम छरे चालत. मग 28 आणि त्यानंतर 24. नेमबाज इतके पक्के झाले होते की स्पर्धा अवघड करणं भाग होतं. आज नियम असा की छरे 24 ग्रॅमच आणि छऱ्याचा व्यास 2.6 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्यामुळे अब्जाधीश शेख असो की लष्करातला मेजर, काडतुसात माल सारखाच.

पण जास्त छरे फुकट मिळत नाहीत

समजा नियम नाही. तरी छरे वाढवायची किंमत द्यावी लागतेच.

दारू तेवढीच ठेवून छरे वाढवले तर वेग कमी होतो, हे उघड आहे. हातगाडीवर माल वाढवला आणि ढकलणारा तोच राहिला, तर गाडी हळूच जाणार. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. यात दाबही वाढतो. जड माल पुढे सरकायला वेळ लावतो, वायूला पसरायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. म्हणून जड काडतुसात कारखाने वेगळ्या जातीची, सावकाश जळणारी दारू वापरतात. नुसते चार छरे जास्त टाकले असं होत नाही. अख्खा हिशोब बदलावा लागतो.

अमेरिकेतल्या हौशी ट्रॅपशूटिंग संघटनेच्या नियमात हे स्पष्ट दिसतं. तिथे 32 ग्रॅमच्या आसपास छरे चालतात, पण मग वेग सेकंदाला 1,290 फुटांपेक्षा जास्त नको. 28 ग्रॅम घेतले तर 1,325 फूट. आणखी खाली, 25 ग्रॅमला आलात तर 1,350 फूट. माल कमी करा आणि वेग घ्या, किंवा वेग सोडा आणि माल घ्या. दोन्ही हातात लाडू मिळत नाहीत.

ऑलिम्पिकच्या काडतुसांत हेच झालं. छरे 24 ग्रॅमवर आल्यावर कारखान्यांनी त्या हलक्या मालाला वेग दिला. म्हणून आज 24 ग्रॅमची अनेक काडतुसं सेकंदाला 400 मीटरच्या पुढे जातात.

दोन्ही वाढवलं तर बिल खांदा भरतो

छरे पुढे जातात तेव्हा बंदूक मागे येते. न्यूटननं सांगितलेला हा हिशोब चुकवता येत नाही.

वेग तोच ठेवून छरे 24 वरून 32 ग्रॅम केले, म्हणजे एक तृतीयांशानं वाढवले. धक्क्याची ऊर्जा किती वाढेल? एक तृतीयांश? नाही. ती वाढते जवळजवळ पावणेदोनपट. कारण बंदूक मागे येण्याचा वेग वाढतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते.

एकदा बार काढायचा असेल तर हे सहन होईल. पण ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 बशा असतात, आणि काही बशांवर दुसरा बारही टाकावा लागतो. सरावात तर शेकडो. प्रत्येक वेळी खांद्यावर आणि गालावर ठोसा बसत असेल तर काही वेळानं शरीर आपोआप दचकायला लागतं. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा आखडतो. नेमबाजाला ते कळतही नाही. पन्नास जादा छऱ्यांनी जेवढं कमावलं, त्याच्या कितीतरी पट या एका दचकण्यानं जातं.

इंग्लंडचे बंदूक बनवणारे ग्रीनर यांच्या नावानं एक जुना ठोकताळा ओळखला जातो. बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं, म्हणजे धक्का झेपतो. 32 ग्रॅम छरे असतील तर बंदूक तीन किलोच्या थोडी वर हवी. आजच्या स्पर्धेतल्या बंदुका साडेतीन किलोच्या पुढे असतात आणि छरे 24 ग्रॅम. म्हणजे जवळपास दीडशे पट. म्हणूनच नेमबाज दिवसभर उभे राहू शकतात.

आणि हो, सिनेमात शॉटगनचा बार बसला की माणूस दहा फूट मागे उडून काच फोडून बाहेर पडतो ना, ते इथेच खोटं ठरतं. समोरच्याला जेवढा धक्का बसतो, साधारण तेवढाच बार काढणाऱ्यालाही बसतो. समोरचा काचेतून उडाला असता, तर हिरोही मागच्या भिंतीवर आपटला असता.

डब्यावरचा आकडा आणि घरातली जुनी बंदूक

शेवटची गोष्ट महत्त्वाची. अमेरिकी काडतुसांच्या डब्यावर अनेकदा '3 ड्राम' असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं आत 3 ड्राम, म्हणजे सव्वापाच ग्रॅम दारू आहे. तसं मुळीच नाही. जुन्या काळी 3 ड्राम काळी दारू जेवढा वेग द्यायची, तेवढा वेग हे काडतूस देतं, एवढाच त्याचा अर्थ. आजची धूरविरहित दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस असते, तिचं वजन त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढंच लागतं. ज्यांनी हा आकडा वजन समजून नवी दारू जुन्या मापानं भरली, त्यांच्या बंदुका हातात फुटल्या. ठासणीच्या बंदुकीत आधुनिक दारू घालणं म्हणजे तर स्वतःच्या चेहऱ्यासमोर बॉम्ब धरणं.

आपल्याकडे कोकणात आणि इतर डोंगरी भागांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत. काही आजोबा-पणजोबांच्या काळातल्या. यातल्या अनेक जुन्या 12 बोर बंदुकांचं घर, म्हणजे काडतूस बसायची जागा, 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी असते. बाजारातलं नवं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, आणि तिथेच फसगत होते. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची असते. बार उडताना दुमडलेलं तोंड उलगडतं, पण उलगडायला जागा नसते. वाट अरुंद होते, दाब चढतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच चुकल्यासारखं दिसत नाही.

म्हणून परवाना असलेल्या घरात तीन गोष्टी कटाक्षानं पाळा. बंदुकीवर कोरलेली लांबी आणि काडतुसावरची लांबी जुळते का ते परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. काडतूस उघडून त्यात दारू किंवा छरे कमीजास्त करू नका. आणि बिनपरवाना बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, हे विसरू नका.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एक बशी जास्त फोडायला काय लागतं?

जास्त दारू नाही, कारण तिचा बराचसा जोर हवा आणि खांदा खाऊन टाकतात. जास्त छरे थोडे उपयोगी पडतात, पण त्यांची किंमत वेगात, दाबात आणि दचकण्यात मोजावी लागते. चांगलं काडतूस म्हणजे सगळ्यात जोरात वाजणारं काडतूस नव्हे. जे 125 व्या बशीलाही पहिल्या बशीसारखंच वागतं आणि मारणाऱ्यालाही तसंच वागू देतं, ते चांगलं.

अथेन्समध्ये राठोड यांच्या आणि वांग झेंग यांच्या काडतुसांत छऱ्यांचं वजन सारखंच होतं. तो एका बशीचा फरक काडतुसातून आला नव्हता.